अकराव्या खेपेला दिसलेलं कार्लं

कबुली आधीच देऊन टाकते. कार्ल्याच्या एकवीरेला मी आजवर निदान दहा वेळा गेले असेन. कुलदेवताच आमची. लग्नानंतर जोडीने गेले, मुलाच्या जावळाला गेले, सासूबाईंनी बोललेला नवस त्यांच्या माघारी फेडायला गेले. दर वेळी पायऱ्या चढताना दम लागला, ओटी भरली, रांगेत कुणाशी तरी खटका उडाला, खाली येऊन लिंबू सरबत प्यायलो आणि घरी आलो. देवळाला अगदी खेटून एक लेणं आहे हे ठाऊक होतं. शेजारच्या सोसायटीत पाण्याची टाकी आहे हे आपल्याला ठाऊक असतं ना, तसं. ‘आत काय, दगडच असणार,’ असं म्हणून दहा वेळा त्याच्या तोंडाशी जाऊन परत फिरले आहे मी. दहा वेळा! आता कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

अकराव्या वेळी भाची बरोबर होती. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. देवीचं झाल्यावर म्हणाली, “मावशी, तिकिटं काढलीत. आत चल. पण मी सांगेन तसं चालायचं आणि मध्ये बोलायचं नाही.” ही दुसरी अट माझ्यासारखीला किती जड, हे घरचे जाणतात. पण गेले.

आणि तेव्हापासून, म्हणजे गेले तीन महिने, मी घरात, बँकेत, रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, दिसेल त्या छताकडे मान वर करून बघते आहे. मुलगा विचारतो, “आई, मान अवघडलीय का?” नाही रे बाबा. मान पहिल्यांदाच मोकळी झालीय.

सांगते, सगळं सांगते.

चार वाजत आले होते. लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे ऊन समोरून येऊन ओसरीत उतरलेलं. हो, ओसरीच आहे ती! आपल्या जुन्या घरांना असायची तशी, फक्त चांगली दोन-तीन मजले उंच. दोन्ही बाजूंच्या भिंतींत हत्ती अर्धे बाहेर आलेले, दारांच्या बाजूला स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या, सगळं भरपूर उजेडात. वैजयंतीहून आलेल्या भूतपाल नावाच्या शेठजींनी इथे भिंतीत कोरून ठेवलंय की असं उत्तम शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात नाही. भाचीने ते वाचून दाखवलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, देणगी दिली की माणूस बोलणारच.

मग तिने मला मधल्या दारातून आत नेलं. दार काही फार मोठं नाही, आणि ते ओलांडलं की लगेच मोकळं होत नाही. डोक्यावर सज्जा आहे आणि त्याच्याखालून जावं लागतं. चार-पाच पावलं डोक्यावर दगड आहे याची जाणीव खांद्यांना होते, आपण नकळत जरा आखडतो, आणि पाचव्या-सहाव्या पावलाला तो सज्जा संपतो आणि वरचं सगळं एकदम निघूनच जातं. जणू कुणी डोक्यावरचं ओझं उचललं! मी तोंड उघडं टाकून उभी. श्वास आपोआप आत गेला, मी घेतला नाही. हे मी वाढवून सांगत नाही. सिनेमाला तिकीट काढून जातो, नाटकाला जातो, तिथेसुद्धा माझं असं झालेलं नाही.

बरं, त्या पहिल्या क्षणी मला दिसलं काय? जवळजवळ काहीच नाही. काळोख, आणि काळोखाच्या पार टोकाला एक गोल, उजळलेला स्तूप. बस. उजेड कुठून येतोय तेही कळेना. मागे वळले तेव्हा दिसलं: आपण ज्या सज्ज्याखालून आलो त्याच्या वर घोड्याच्या नालेसारखी प्रचंड मोठी कमान खिडकीसारखी उघडी आहे आणि सगळा उजेड तिथून, आपल्या डोक्यावरून, आपल्या पाठीमागून आत पडतोय. आत येणाऱ्याला उजेड जिथे पडतो ते दिसावं आणि जिथून येतो ते दिसू नये, अशी ही बेमालूम मांडणी! नाटकवाले स्पॉटलाइट कसा लपवतात? तसाच. फक्त इथे दिवा म्हणजे सूर्य, आणि रंगमंच सह्याद्री पोखरून केलेला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी.

मग खांब आले. म्हणजे ते तिथेच होते, पण माझ्यापुरते ते एकेक करून काळोखातून पुढे आले. आधी जवळचा, मग त्याच्या पलीकडचा, मग त्याच्या डोक्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती, मग हत्तींवर बसलेली माणसं. मला वाटलं ही माझ्या चष्म्याची भानगड. घरी आल्यावर वाचलं, की उन्हातून अंधारात आल्यावर डोळ्यांना पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे बघा, ही इमारत एकदम दिसतच नाही! ती हळूहळू उलगडते, आणि उलगडायला तिला आपले डोळेच लागतात. दारातून डोकावून दोन मिनिटांत फोटो काढून जाणाऱ्यांना (आणि दहा वेळा दारावरून परत जाणाऱ्या काही बायकांना) ती भेटतच नाही.

दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत, फार दूर दूर नाहीत, चांगले दाटीने. दारातून तिरकं बघितलं तर ती भिंतच वाटते; चालायला लागलं की भिंत उघडते, मिटते, उघडते. आणि ते लेणं किती लांब वाटतं! मी म्हटलं, दोनशे-अडीचशे फूट असेल. भाची हसली. सव्वाशे फुटांच्या आसपास आहे म्हणाली. उंची पंचेचाळीसेक फूट. मग तिने पर्समधून देवीची पावती काढली, ती मागून कोरी होती, आणि पेनाने तीन टिंबं दिली, एका ओळीत. पहिल्या दोन टिंबांच्या मधली जागा उभ्या रेघांनी भरून टाकली, पुढची तशीच रिकामी ठेवली. “कुठली लांब?” रेघांची. सरळच होतं. “मोज.” मी पेनाचं टोपण लावून मोजलं. सारखी! पुन्हा मोजलं. सारखीच! एकोणिसाव्या शतकात ओपेल आणि कुंड्ट नावाच्या दोन जर्मनांनी या चकव्याचा अभ्यास केला, त्यांच्याच नावाने तो ओळखतात. भरलेलं अंतर रिकाम्या अंतरापेक्षा जास्त वाटतं. ती पावती मी जपून ठेवली आहे. आल्यागेल्याला दाखवते, आणि प्रत्येक जण फसतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा फसले.

स्तूपाच्या मागे गेलो. तिथले सात खांब अगदी साधे, अठपैलू, ना खाली कुंभ ना वर हत्ती. समोरून ते दिसत नाहीत, म्हणून साधे ठेवले असतील, पैसे किंवा हौस तिथपर्यंत पुरली नसेल, कोण जाणे. पण प्रदक्षिणा घालताना डोळ्यांना एकदम काहीच काम उरत नाही आणि पावलांचा आवाज ऐकू यायला लागतो. मला तो सात खांबांचा तुकडा सगळ्यात आवडला, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

बाकीच्या बऱ्याच खांबांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आपल्या देवळांच्या फरशीवर असतात तशीच! त्यांत धेनुकाकटचे, स्वतःला यवन म्हणवणारे लोकही आहेत. कुठून कुठून आलेली माणसं, आणि एकेक खांब वाटून घेतलेला. मला फार बरं वाटलं ते बघून. वर्गणी ही आपली जुनीच सवय.

आणि आता खरी गंमत. इतका वेळ दम धरून ठेवलाय.

“मावशी, आता वर बघ.”

वर कमानदार छत, आणि त्या छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडाच्या फासळ्या. खरं लाकूड! दगडात कोरलेलं नव्हे. त्यातलं बरंचसं मूळचंच, दोन हजार वर्षं टिकलेलं. उलट्या होडीच्या पोटात उभं राहिल्यासारखं वाटतं. एकवीरेला कोळीबांधव होड्या सोडून येतात आणि शेजारीच ही दगडात उलटी घातलेली होडी, हे मला तिथेच सुचलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

“हे लाकूड काढलं तर काय होईल?” भाचीने विचारलं.

“छत पडेल,” मी म्हटलं. एकतीस वर्षं लेखा विभागात काढली आहेत. आधार काढला की काय होतं ते मला कळतं.

“अगं, छत कुठलं? डोंगर आहे तो.”

थांबा. हे मला तिथे नीट कळायला एक मिनिट लागलं, तुम्हीही घ्या. ते छत कुणी बांधलेलंच नाही. डोंगर आतून कोरत कोरत गेले आणि जे कोरायचं ठेवलं ते छत झालं. त्याला तुळई नको, वासा नको, फासळी नको. मग डोंगराच्या पोटात शिरून, एवढ्या उंचीवर चढून, एकेक वाकवलेली फासळी नेऊन बसवायची कशाला?

जाणकार याचं उत्तर देतात: त्याआधी अशी सभागृहं लाकडाची असत, कारागिरांचा हात लाकडात तयार झालेला, म्हणून दगडातही त्यांनी तेच रूप उतरवलं. महामार्गाच्या पलीकडे भाज्याचं लेणं आहे, कार्ल्याहून जुनं. तिथले खांब तर चक्क आत कललेले आहेत, लाकडी खांब तिरके रोवत तसे. दगडाला कलण्याचं काय कारण? काही नाही. सवय. हे सगळं मला पटतं. पण तिथे उभं राहून मला आपलं वाटलं ते वेगळंच. माणूस डोंगराच्या पोटात शिरला की त्याच्या मनात पहिला विचार येतो, हे वरचं पडलं तर? त्याला कितीही सांगा की अखंड कातळ आहे, त्याचे खांदे ऐकत नाहीत. आणि मग तो वर बघतो तर ओळखीच्या फासळ्या दिसतात, घराच्या आढ्यासारख्या, आणि खांदे खाली येतात. लाकडाची गरज छताला नव्हतीच. ती खाली उभ्या असलेल्या माणसाला होती! ते लाकूड दोन हजार वर्षं मला सावरून धरायला तिथे थांबलंय आणि मी खाली सरबत पीत होते!

हे चूक असेल. भाची म्हणाली, पुरावा नाही मावशी. नसू दे.

त्यानंतर मी वाचतच सुटले. भाचीची पुस्तकं, वाचनालयातली पुस्तकं, फोनवर रात्री एकपर्यंत. त्या लेण्यात आपण हळू का बोलतो? कारण कातळ आवाज पीत नाही, परत फेकतो. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर जाऊन पडतो, आपल्यालाच आपलं बोलणं गढूळ ऐकू येतं आणि आपण गप्प होतो. अमेरिकेत हार्वर्डला वॉलेस सॅबिन नावाचे एक तरुण प्राध्यापक होते. १८९५ साली त्यांना सांगण्यात आलं की नव्या व्याख्यानगृहात एक शब्द समजत नाही, काहीतरी करा. तिथे आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. हे गृहस्थ रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, अंथरायचे, घड्याळ लावून मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत! गादी वाढली की घुमणं कमी. त्यातून वास्तूंमधल्या आवाजाचं शास्त्रच उभं राहिलं. आमच्या जुन्या घरात दिवाळीला गाद्या उन्हात टाकल्या की खोली ‘बोलायला’ लागायची, ते मला आठवलं. आई म्हणायची, घर पोकळ झालं.

आईवरून आठवलं, आणि हे लिहू की नको असं झालंय.

१९८४ साली रॉजर अल्‌रिक यांनी एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी काढल्या. खोल्या सगळ्या सारख्याच; फरक एवढाच की २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना वेदनेची जहाल औषधं कमी लागली, आणि त्यांच्याबद्दलच्या नर्सच्या नोंदींत रडारड, कुरकूर कमी होती. ४६ माणसं म्हणजे फार नव्हेत, हे हिशेबातल्या बाईला कळतं. पण मी वाचता वाचता फोन खाली ठेवला.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिला मिळालेली खाट खिडकीपाशी होती. आम्ही खूश! खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची मागची बाजू होती. चौथ्या दिवशी आई म्हणाली, “समोर सात एसी आहेत. पाचवा गळतो.” सहाव्या दिवशी म्हणाली, “मला तोंड आतल्या बाजूला करून निजव.” खाट बदलून मिळेल का म्हणून मी विचारायला गेले, तर खिडकी कुणी सोडतं का बाई, असं मलाच ऐकवलं. मी परत आले आणि आईला म्हटलं, “डोळे मीट नि पडून राहा.” अगदी असंच म्हटलं. तिला काय होत होतं ते तिच्यापाशी सांगायला शब्द नव्हते आणि माझ्यापाशी ऐकायला कान नव्हते.

असो. पुढे.

स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आलो ते विसरायला होतं ना? त्यावरही प्रयोग झालेत! अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या गेब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी २०११ साली दाखवलं की तेवढंच अंतर एकाच खोलीत चाललं तर लक्षात राहतं आणि दार ओलांडून चाललं तर निसटतं. मी ही बातमी ह्यांना मोठ्या दिमाखात सांगितली, माझं वय नव्हे, दार जबाबदार! दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पुन्हा तपासलं तर तो परिणाम सहजासहजी सापडेना. डोक्यात आधीच बरंच काही कोंबलेलं असलं तरच थोडा दिसला. ही दुसरी बातमी मी ह्यांना सांगितलेली नाही.

पण ज्याने मला खरोखर झोप येऊ दिली नाही ते हे. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की उंदीर एका ठरावीक जागी आला की त्यातली एक ठरावीक पेशी पेटून उठते. दुसऱ्या जागी दुसरी. २०१४चं नोबेल त्यांना मोझर दांपत्याबरोबर मिळालं. आणि १९९६ साली त्यांनी आणि नील बर्जेस यांनी काय केलं, तर उंदराची पेटी लांबवली. भिंती सरकवल्या फक्त. तर काही पेशींचं ते ‘माझी जागा’ म्हणायचं क्षेत्रही भिंतींबरोबर ताणलं गेलं! भिंत बाहेर सरकली आणि आत, डोक्याच्या आत, काहीतरी सरकलं.

ठाण्याचं आमचं जुनं घर लाकडी होतं. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चांगला वीतभर उंच उंबरठा, मधोमध झिजून खोलगट झालेला. ते पाडून आता तिथे सात मजले उभे आहेत, त्यातल्या तिसऱ्यावर आम्ही. सगळीकडे गुळगुळीत टाइल्स, उंबरठा कुठेच नाही. मुख्य दाराला म्हणून संगमरवराची एक पट्टी आहे, तिला उंबरठा म्हणणं म्हणजे चेष्टा. सहा वर्षं झाली. पण रात्री वीज गेली आणि पाणी प्यायला उठले की स्वयंपाकघराच्या तोंडाशी माझा उजवा पाय उचलला जातो. वीतभर. दर वेळी. आणि मग तो खाली येतो तेव्हा टाइलवर जरा जोरातच आपटतो. इतकी वर्षं मी याला खुळेपणा म्हणत होते. आता अंधारात तो पाय उचलला गेला की मी तशीच थांबते क्षणभर, पाय हवेत. आहे ते घर. पाडलं कुठे?

गेल्या बुधवारी मी ह्यांना घेऊन पुन्हा कार्ल्याला गेले. मुद्दाम आडवार, गर्दी नको म्हणून. काही सांगितलं नाही, ना फासळ्यांचं, ना खांबांचं. माझाच प्रयोग! आधी देवीचं दर्शन, मग तिकिटं, मग चारच्या सुमाराला मधल्या दारातून ह्यांना पुढे घातलं आणि मी तिसऱ्या खांबाआड उभी राहून बघत राहिले. एक शाळकरी मुलगा ओरडत धावत आत आला आणि अर्ध्यावर आपोआप चालायला लागला. दोन मुली सेल्फी काढायला थांबल्या, फोन वर धरला आणि फोनच्या पलीकडे बघत राहिल्या. हे सज्ज्याखालून आले. मान जरा खाली. मग सज्जा संपला आणि मान वर गेली. गेलीच! मी श्वास धरून. आता विचारतील, लाकूड कशाला? आता काहीतरी बोलतील.

बराच वेळ तसेच उभे होते. मग मला शोधत आले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

“पंखा नाही तरी गार आहे गं.”

मला हसावं की रडावं कळेना. पण परतीच्या पायऱ्या उतरताना लक्षात आलं. ते कानाशी वाकून बोलले. कुजबुजले. ज्यांची हाक तिसऱ्या मजल्यावरून नाक्यावरची रिक्षा थांबवते, ते.